कॅमेऱ्याची पारख

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी बैलाच्या शिंगांना लावलेल्या रंगाकडे फारसे पाहत नाही. तो त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावर हात ठेवतो आणि चार पावले चालवून त्याची चाल पाहतो. बैल घ्यावयाचा तो मिरवणुकीसाठी नव्हे, नांगरासाठी, हे तो जाणून असतो. कोणत्याही उपयुक्त वस्तूची पारख अशीच करावयाची असते. ती वस्तू दिसते कशी आणि तिच्याविषयी लोक बोलतात काय, यापेक्षा आपणांस ती कोणत्या कामासाठी हवी आणि ते काम ती कसे करते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आज कॅमेरा घरोघरी पोहोचला आहे. मोबाइल फोनमध्येच तो बसविलेला असल्यामुळे चित्र टिपणे ही गोष्ट कोणासही अवघड राहिलेली नाही. परंतु काही माणसे केवळ आठवण म्हणून चित्र टिपून थांबत नाहीत. पहाटेच्या धुक्यात उभा असलेला बगळा, कबड्डीच्या मैदानावर पकड सोडवून मध्यरेषेकडे झेपावणारा खेळाडू, देवळाच्या गाभाऱ्यातील समईचा उजेड, यांचे चित्र मनासारखे उतरेपर्यंत त्यांस चैन पडत नाही. अशा माणसास एक दिवस स्वतंत्र कॅमेरा हवासा वाटतो. त्यासाठी तो वर्ष-दोन वर्षे पैसे साठवितो. मग तो दुकानातील काचेच्या कपाटासमोर उभा राहतो, आणि तेथे त्याच्या कानी प्रथम पडतो तो एक आकडा : “चोवीस मेगापिक्सेल!” या एका आकड्यावर विसंबून त्याने कष्टाने साठविलेले पैसे मोजावेत काय? मोजू नयेत, असे माझे मत आहे. ते का, हे एका प्रत्यक्ष कॅमेऱ्याची परीक्षा करून पाहू.

हा कॅमेरा म्हणजे जपानमधील निकॉन या कंपनीने मार्च २०१५ मध्ये जाहीर केलेला डी ७२०० हा डिजिटल एसएलआर कॅमेरा होय. नवशिक्याच्या पहिल्या कॅमेऱ्याहून वरचा आणि धंदेवाईक छायाचित्रकाराच्या महागड्या कॅमेऱ्याहून खालचा, असे त्याचे मधले स्थान आहे. त्याचे उत्पादन आता थांबले असून तो मिळतो तो वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात. तथापि, परीक्षेसाठी तो निवडण्याचे एक कारण हेच आहे. जाहिरातींचा गलबला शांत झाल्यावर वस्तूचे गुणदोष अधिक स्वच्छ दिसू लागतात.

प्रथम या जातीच्या कॅमेऱ्याची रचना समजून घेतली पाहिजे. त्याच्या पुढे लेन्स, म्हणजे भिंगांची नळी, असते. तिच्यातून आत आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो. आरसा तो वर फेकतो. वर काचेचा एक लोलक असतो. त्यातून वळून तो प्रकाश आपण जेथे डोळा लावतो त्या खिडकीपर्यंत येतो. म्हणजे पाहावयाचे आणि चित्र घ्यावयाचे ते एकाच भिंगातून. कळ दाबताच आरसा टपकन वर उचलला जातो, त्यामागील शटरचा पडदा क्षणभर उघडतो आणि प्रकाश मागे असलेल्या संवेदकावर पडतो. पूर्वी या जागी फिल्म असे. संवेदक प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करतो, त्या संकेतांचे आकडे बनतात आणि ते आकडे एका लहानशा कार्डावर साठविले जातात. हे सर्व पापणी लवण्याच्या आत घडते.

संवेदकाच्या पृष्ठभागावर प्रकाश टिपणारे अतिसूक्ष्म ठिपके ओळीने मांडलेले असतात. चित्रातील अशा एकेका ठिपक्यास पिक्सेल म्हणतात आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. डी ७२०० च्या चित्रात आडवे ६००० आणि उभे ४००० पिक्सेल असतात. गुणाकार केला म्हणजे २ कोटी ४० लाख ही संख्या येते. दुकानदार जो आकडा सांगतो तो हाच.

आता एक गंमत पाहा. याच कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये डी ३३०० हा नवशिक्यांसाठी असलेला स्वस्त कॅमेरा जाहीर केला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये डी ७५० हा बराच महाग कॅमेरा जाहीर केला. स्वस्त, मधला आणि महाग असे हे तीन कॅमेरे. परंतु तिघांचेही मेगापिक्सेल सुमारे २४ च! आकडा हेच जर गुणवत्तेचे माप असते, तर तिघांची किंमत एकच असावयास हवी होती. ज्याअर्थी ती तशी नव्हती, त्याअर्थी खरा फरक दुसरीकडे कोठेतरी असला पाहिजे. तो शोधणे म्हणजेच कॅमेऱ्याची पारख करणे.

पहिला फरक संवेदकाच्या आकाराचा. महाग डी ७५० चा संवेदक सुमारे ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच आहे. डी ७२०० चा २३.५ मिलिमीटर रुंद व १५.६ मिलिमीटर उंच. क्षेत्रफळ काढून पाहिले तर पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा भरतो. ठिपके तेवढेच आणि जागा मात्र दुप्पट, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला अधिक जागा. पावसात एक वाटी आणि एक परात शेजारी ठेवली तर परातीत अधिक पाणी साठते. तसाच मोठा ठिपका अधिक प्रकाश गोळा करतो. म्हणून अंधुक उजेडात मोठ्या संवेदकाचे चित्र अधिक स्वच्छ येते. लहान संवेदकाचाही एक लाभ आहे. तो दृश्याचा मधलाच भाग टिपत असल्यामुळे २०० मिलिमीटरची लेन्स त्यावर मोठ्या संवेदकावरील ३०० मिलिमीटरच्या लेन्ससारखे दृश्य देते. दूरच्या फांदीवरील पक्षी टिपणारास हा लाभ काही थोडाथोडका नव्हे.

प्रकाश कमी असेल तेव्हा संवेदकाकडून अधिक काम करवून घेण्याची सोय कॅमेऱ्यात असते. तिचे माप आयएसओ या आकड्याने सांगतात. डी ७२०० मध्ये तो १०० पासून २५,६०० पर्यंत वाढविता येतो. आकडा दुप्पट केला की निम्म्या प्रकाशात काम भागते. परंतु ही उसनवारी फुकटची नाही. आकडा जसजसा वाढतो, तसतशी चित्रात, विशेषतः सावलीच्या भागात, वाळू पसरल्यासारखी कणांची खर दिसू लागते. डी ७२०० ची चित्रे ३२०० पर्यंत निःशंकपणे वापरावीत अशी उतरतात. ६४०० ला खर जाणवू लागते, तरी चित्र टाकाऊ होत नाही. त्यापुढील आकडे मात्र अडीअडचणीसाठीच ठेवलेले बरे. २५,६०० हा आकडा पुस्तिकेत छापलेला आहे म्हणून तेथपर्यंतची सर्व चित्रे सारखीच चांगली येतील, असे समजणे म्हणजे वेगमापकावर छापलेल्या शेवटच्या आकड्याएवढ्या वेगाने मोटार सुखरूप धावेल असे मानण्यासारखे आहे.

दुसरा फरक डोळा लावावयाच्या खिडकीचा. स्वस्त डी ३३०० मध्ये लोलकाऐवजी आरशांची जुळणी आहे आणि तिच्यातून प्रत्यक्ष चित्राचा सुमारे ९५ टक्के भाग दिसतो. डी ७२०० मध्ये काचेचा लोलक आहे. त्याची खिडकी मोठी व उजळ असून जवळजवळ संपूर्ण चित्र तिच्यात दिसते. पाच टक्क्यांचे एवढे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. परंतु चित्राच्या कडेला नको असलेली विजेची तार किंवा कोणाचे तरी कोपर येते ते नेमके याच न दिसलेल्या पट्टीतून. चित्र घेणे म्हणजे काय घ्यावयाचे हे ठरविणे, आणि त्याहूनही अधिक, काय वगळावयाचे हे ठरविणे होय. जो भाग दिसतच नाही तो वगळणार कसा?

तिसरा फरक नेम धरण्याचा. लेन्सने नेमक्या कोणत्या अंतरावरील वस्तू रेखीव दाखवावयाची, हे कॅमेरा स्वतः ठरवू शकतो. त्यासाठी दृश्यात जागोजागी नेमबिंदू असतात. डी ३३०० मध्ये असे ११ बिंदू आहेत, डी ७२०० मध्ये ५१. यांपैकी मधले १५ आडव्या व उभ्या अशा दोन्ही रेषांना जाणणारे असल्यामुळे अधिक भरवशाचे आहेत. चांदण्याइतक्या मंद उजेडातही ते काम देतात. कबड्डीपटू उसळी मारून चित्राच्या मधल्या भागातून कडेकडे गेला, तरी एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे नेम सोपवीत कॅमेरा त्याचा पाठलाग करू शकतो.

परंतु पाठलाग करून भागत नाही. घेतलेली चित्रे ठेवावयास जागाही लागते. डी ७२०० एका सेकंदात ६ चित्रे घेतो. कार्डावर लिहिण्यास वेळ लागतो, म्हणून ही चित्रे प्रथम कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या कोठारात साठतात. त्याच्या आधीचा डी ७१०० हा २०१३ सालचा कॅमेराही सेकंदाला ६ चित्रेच घेई. परंतु ती पूर्ण दर्जाची, कच्च्या स्वरूपातील चित्रे असतील तर सुमारे एका सेकंदातच कोठार भरून त्याची गती अडखळे. डी ७२०० मध्ये अशी १८ चित्रे मावतात, म्हणजे तीन सेकंद मिळतात. पुस्तिकेतील गतीचा आकडा दोघांचा एकच. पण खंड्याने पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर यावयास जो वेळ लागतो, तेवढ्यात एक कॅमेरा दमतो आणि दुसरा टिकतो. कामाच्या वेळी उपयोगी पडणारे गुण असे जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत नसतात.

वर कच्च्या स्वरूपातील चित्र असा उल्लेख आला. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या उजेड-अंधाराच्या २५६ पायऱ्या असतात; डी ७२०० च्या कच्च्या चित्रात त्या १६,३८४ असू शकतात. शिजलेल्या भाताची पुन्हा भाकरी होत नाही. शिधा घरात असला तर काय रांधावयाचे ते आपल्या हाती राहते. कच्च्या चित्रावर मागाहून संस्कार करून काळवंडलेला चेहरा उजळता येतो, भडक आकाश निवविता येते.

हातात घेऊन पाहिल्यावर आणखी काही गोष्टी कळतात. कॅमेऱ्याचे नुसते शरीर ६७५ ग्रॅम वजनाचे आहे. त्याची वरची व मागची बाजू मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असून धूळ व दमट हवा आत शिरू नये अशी योजना तीत केलेली आहे. मात्र म्हणून तो पावसात भिजवावा असा नव्हे. अंगठ्याखाली एक आणि तर्जनीखाली एक अशी दोन चाके आहेत. एकाने शटरचा काळ बदलता येतो, दुसऱ्याने लेन्सचे छिद्र लहानमोठे करता येते, आणि हे करताना डोळा खिडकीपासून दूर न्यावा लागत नाही. स्वस्त कॅमेऱ्यात असे चाक एकच असते. निकॉनच्या लेन्स बसविण्याची खाचेदार कडी १९५९ पासून मुळात तीच राहिली आहे. त्यामुळे १९७७ नंतरच्या काही दशकांतील हाताने जुळवावयाच्या बहुतेक लेन्सही डी ७२०० वर बसतात आणि प्रकाशमापनही होते. एखाद्याच्या काकांच्या कपाटात तशी जुनी लेन्स पडून असेल, तर ती पुन्हा कामास लागू शकते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डी ७२०० मध्ये कार्ड ठेवावयाचे खण दोन आहेत. कॅमेऱ्यास तसे सांगून ठेवले तर तो प्रत्येक चित्र दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहितो. वरवर पाहता ही चैन वाटेल. मलाही एके काळी तसेच वाटत असे. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेतील वयोवृद्ध शिपाई सेवानिवृत्त झाले. सारी शाळा त्यांना मामा म्हणे. शाळेची घंटा त्यांनी पस्तीस वर्षे दिली होती. निरोपाच्या दिवशी मुलांनी त्यांच्याकडून अखेरची घंटा देवविली, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने त्या प्रसंगाची पुष्कळ छायाचित्रे घेतली. त्याच्या कॅमेऱ्यात खण एकच होता. रात्री त्याने कार्ड संगणकात घातले, तो ते उघडेना. जाणकारांनी दोन दिवस खटपट केली. एकही चित्र हाती आले नाही. पुढे सहा-सात महिन्यांनी मामा वारले. त्यांची मुलगी शाळेत येऊन म्हणाली, “सर, बाबांचा घंटा देतानाचा एखादा फोटो असेल तर द्याल का?” आमच्याजवळ द्यावयास काही नव्हते. छायाचित्रकाराचा दोष नव्हता आणि चित्रांचा दर्जाही त्याने हलका ठेवला नव्हता. परंतु कार्ड ही वस्तू कधीतरी दगा देणारी आहे, याचा विचार आम्ही कोणीच केलेला नव्हता. तेव्हापासून कोणी नवा कॅमेरा दाखविला, की त्याचे मेगापिक्सेल किती हे मी विचारीत नाही. त्यात खण किती आहेत हे विचारतो.

गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत; एकेरी स्तुती ही परीक्षा नव्हे. डी ७२०० चा मागचा पडदा जागचा हलत नाही. म्हणून जमिनीलगतच्या फुलाचे चित्र पडद्यावर पाहून घ्यावयाचे तर छायाचित्रकारास जमिनीवर आडवे व्हावे लागते. पडद्यावर पाहून चित्र घेताना नेम धरण्याचे काम मंदगतीने होते. चलच्चित्रणाची सोय आहे, परंतु अलीकडील कॅमेऱ्यांच्या तुलनेने ती साधी आहे. अधिक रेखीवपणा साधावा म्हणून संवेदकापुढील एक गाळणी यात वगळली आहे. त्यामुळे बारीक विणीच्या कापडावर कधी कधी प्रत्यक्षात नसलेल्या लाटांची नक्षी चित्रात उमटते. लग्नातील रेशमी वस्त्रे टिपणारास हा दोष आधी ठाऊक असलेला बरा.

मग एखादा वापरलेला कॅमेरा समोर आला, तर त्याची परीक्षा तुम्ही कशी कराल? त्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रथम एकच दृश्य आयएसओ १००, ४००, १६०० आणि ६४०० वर टिपून सावलीचे भाग मोठे करून पाहावेत. मग टेबलावर एक मोजपट्टी तिरपी ठेवून तिच्या एका आकड्यावर नेम धरावा. चित्रात तोच आकडा सर्वांत रेखीव आला तर नेम बरोबर आहे, पुढचा-मागचा आला तर चूक आहे. लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके लहान करून मोकळ्या आकाशाचे चित्र घ्यावे. संवेदकावर धूळ बसली असेल तर ती काळसर डागांच्या रूपाने उघडी पडते. शटर आजवर किती वेळा उघडले, हेही विचारावे. कंपनीने या कॅमेऱ्याचे शटर १,५०,००० वेळा उघडझाप करून तपासलेले आहे. रोज शंभर चित्रे घेतली तरी तेवढ्या संख्येस चार वर्षे लागतात. शेवटी कॅमेरा डोळ्यास लावून पाच मिनिटे तसाच धरावा. हात अवघडतो की स्थिर राहतो, हे कोणतीही पुस्तिका सांगणार नाही. आणि सर्व पैसे कॅमेऱ्याच्या शरीरावरच खर्चू नयेत. पुढे भिंग सामान्य असेल, तर उत्तम संवेदकही त्या भिंगातील धूसरपणाच इमानाने टिपणार.

नवे ते सर्वच बाबतींत चांगले, असेही नाही. एप्रिल २०१७ मध्ये निकॉनने या मालिकेतील पुढचा डी ७५०० हा कॅमेरा जाहीर केला. त्याची गती सेकंदाला ८ चित्रांपर्यंत वाढली, मागचा पडदा हलू लागला. परंतु मेगापिक्सेल मात्र २४ वरून २०.९ वर आले. आकडा कमी करूनही कॅमेरा काही कामांत सरस ठरू शकतो, हे अशा रीतीने खुद्द निर्मात्यानेच दाखवून दिले. त्याच वेळी कार्डाचा दुसरा खण त्याने काढून टाकला, आणि जुन्या लेन्सवरील प्रकाशमापनाची सोयही गेली. खेळांची चित्रे घेणारास नवा कॅमेरा आवडावा, तर समारंभाची जोखीम पत्करणारास जुनाच बरा वाटावा, असा हा बदल होता. २०१८ मध्ये याच कंपनीने मोठ्या संवेदकाचे, आरसा नसलेले कॅमेरेही आणले. त्यांत दृश्य विजेच्या लहान पडद्यावर दिसते आणि चित्र उजळ येणार की काळोखे, हे कळ दाबण्यापूर्वीच समजते. छायाचित्रणाचा ओघ आता त्यांच्याकडे वळला आहे. तथापि, त्यांच्या पारखीची रीत हीच राहील.

ही रीत थोडक्यात अशी : आधी आपले काम ओळखावे, मग त्या कामात कोठे अडते ते पाहावे, आणि जो कॅमेरा तेथे अडू देत नाही तो आपला मानावा. पक्षी टिपणाराचा चांगला कॅमेरा गाभाऱ्यातील समई टिपणाराच्या उपयोगाचा असेलच असे नाही. ज्याला आपण काय टिपणार हेच ठाऊक नाही, त्याला कोणताही कॅमेरा पुरा पडणार नाही.

पुढे कधी काचेच्या कपाटासमोर उभे राहाल, तेव्हा दुकानदाराने सांगितलेला आकडा शांतपणे ऐकून घ्या. मग कॅमेरा हाती मागा, त्याला डोळा लावा आणि आपल्या मनातील चित्र आठवा. तो बगळा, तो खेळाडू, ती समई, किंवा अखेरची घंटा देणारा एखादा थरथरता हात. ते चित्र हा कॅमेरा मला घेऊ देईल काय, आणि घेतलेले जपून ठेवील काय, एवढेच त्याला विचारा.